एक्स्प्रेशन इव्हॅल्युएटर लिहिताय? मायनसवर नजर ठेवा

बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि कंस, एवढंच तर आहे म्हणून बरेच जण इव्हॅल्युएटर (लिहिलेलं गणित वाचून उत्तर काढणारा प्रोग्राम) लिहायला घेतात आणि 2+3*4 चं उत्तर 14 आलं की खुश होऊन कोड कमिट करून टाकतात. त्या एका टेस्टने काही कळत नाही हो, खरी गडबड मायनसपाशी असते.

आधी 10-4-3 टाकून बघा. 3 यायला पाहिजे. 9 आलं तर तुमचं वजाबाकीचं फंक्शन उजव्या बाजूसाठी स्वतःलाच कॉल करतंय, म्हणजे 4-3 आधी होतंय. बेरजेत हे लपून जातं. रिकर्जन काढा, व्हाइल लूप टाका, डावीकडून आलेल्या उत्तरातूनच पुढचं वजा करत जा. घाताचं मात्र नेमकं उलटं, 2^3^2 गणिताच्या रीतीने 512, तिथे लूप लावलात तर 64 येतं (एक्सेल 64 च देतं, ते सोडा).

दुसरी चूक म्हणजे टोकनायझरमध्येच (इनपुटचे आकडे आणि चिन्हं असे तुकडे, म्हणजे टोकन, करणारा भाग) मायनस आकड्याला चिकटवणं. मग 5-3 चे 5 आणि -3 असे दोन आकडे होतात, पार्सर (त्या तुकड्यांचा अर्थ लावणारा भाग) पहिला घेतो आणि उत्तर 5, एरर वगैरे काही नाही! म्हणून मायनस कायम वेगळं टोकन ठेवा, आणि शेवटी इनपुट पूर्ण संपलाय का हे तपासाच, उरलं असेल तर एरर द्या.

आता -2^2. एक्सेल म्हणतं 4, पायथनमध्ये -2**2 (तिथे घात ** ने लिहितात) म्हणजे -4, आणि जावास्क्रिप्ट तेच लिहिलं की सरळ सिंटॅक्स एरर देतं. मला विचाराल तर -4 ठेवा, त्यासाठी युनरी मायनसच्या (एकाच आकड्यापुढे लागणारं ऋण चिन्ह) फंक्शनने घाताच्या फंक्शनला कॉल करायचा, पण घाताची उजवी बाजू परत युनरीकडे पाठवायची, नाहीतर 2^-1 अडकतं.

पूर्णांकांच्या भागाकारात -7/2 सीमध्ये -3, पायथनच्या // ने -4, त्यामुळे एकीकडच्या टेस्ट दुसरीकडे उचलताना जपून.

आणि कंटाळून पायथनचं इव्हल (दिलेला मजकूर थेट कोड म्हणून चालवणारं फंक्शन) वापरू नका, युजर त्यातून वाट्टेल तो कोड चालवेल.

आपल्याकडे भेटणारी एक गंमत: जावाचं इजडिजिट (अक्षर हा अंक आहे का हे सांगणारं फंक्शन) देवनागरी '५' लाही हो म्हणतं, मग अक्षराचा आकडा करायला नेहमीसारखं त्याच्या कोडमधून '0' चा कोड वजा केला की 5 ऐवजी 2363 मिळतात. 0 ते 9 ची तुलना स्वतः लिहा किंवा गेटन्यूमेरिकव्हॅल्यू वापरा.