चाकं काय बोलतात, ते ऐकून बघा

आमच्या दाजींच्या नव्या गाडीत चारही चाकांची हवा स्क्रीनवर आकड्यांत दिसते. त्यांना त्याचं भारी कौतुक. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून माझा प्रश्न वेगळा: फिरत्या चाकातून आकडा येतो कसा? वायर तर जोडता येत नाही. म्हणजे रेडिओ.

आधी तुमच्या गाडीत काय आहे ते बघा. प्रत्येक चाकाचा वेगळा पीएसआय दिसत असेल, तर चाकांत सेन्सर आहेत असं समजा. नुसता पिवळा दिवा लागतो आणि हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं, अशी गाडी बहुधा एबीएस या ब्रेकच्या यंत्रणेवरून चाकांचा वेग ताडून बघते. हवा कमी झालेलं चाक जरा जास्त भरभर फिरतं. अशी चाकं मुकी असतात. तुमची तशी असतील तर थेट शेवटचा परिच्छेद वाचा.

सेन्सर असतील तर ऐका. लॅपटॉप, यूएसबीत बसणारा आरटीएल-एसडीआर डोंगल (म्हणजे छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि 'आरटीएल ४३३' हे फुकट सॉफ्टवेअर एवढं पुरतं. फ्रीक्वेन्सी ४३३.९२ मेगाहर्ट्झ ठेवा. अमेरिकेतल्या गाड्या बहुतेक ३१५ वर बोलतात. उभ्या गाडीचे सेन्सर बॅटरी वाचवायला सहसा गप्प बसतात, तेव्हा लॅपटॉप मांडीवर घेऊन मागे बसा आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या. आम्ही रंकाळ्याला चक्कर मारली. थोड्याच वेळात ओळी उमटायला लागल्या: दाब, तापमान आणि सेन्सरचा क्रमांक. कुठलंही कुलूप नाही. शेजारच्या गाडीचं चाक आपलं समजू नये म्हणून हा क्रमांक लागतो, आणि तो बदलत नाही. गोम तिथंच आहे.

"माझ्या टायरची हवा कळून कुणाचं काय भलं होणार?" दाजी म्हणाले. हवेचं काही नाही. पण न बदलणारा क्रमांक म्हणजे गाडीची दुसरी नंबरप्लेटच, तिच्यावरून पाळत ठेवता येते. खरी नंबरप्लेट वाचायला कॅमेऱ्याला ती दिसावी लागते. हा क्रमांक कुंपणाआड ठेवलेल्या रिसीव्हरच्या डबीलाही ऐकू येतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांच्या संशोधकांनी तो सुमारे ४० मीटरवरून पकडला होता. शिवाय खोटा सिग्नल सोडून धावत्या गाडीतला हवेचा दिवाही लावून दाखवला.

पण म्हणून सेन्सर काढून टाकू नका. एक्स्प्रेस वेवर मे महिन्यात टायर फुटण्याची भीती पाळतीच्या भीतीपेक्षा मोठी आहे. दिवा अचानक लागला आणि गाडी एका बाजूला ओढत नसेल, तर आडरानात उतरू नका. वेग कमी करून पंपापर्यंत जा आणि गेजवर हवा बघा. पंधरा दिवसांनी एकदा गेज लावायची सवय असली की खरा-खोटा दिवा ओळखता येतो.

बाहेरून व्हॉल्व्हवर बसवायच्या ब्लूटूथ टोप्या घेत असाल, तर घेण्याआधी एक करा: ज्या फोनवर त्या कधीच जोडल्या नाहीत, त्यावर तेच ॲप टाकून बघा. आकडे तिथंही दिसले तर पार्किंगमध्ये कुणालाही दिसतील. साधी स्क्रीन देणारा सेट घेतला तरी रेडिओ असतोच, फक्त फोन घेऊन फिरणाऱ्याला तो दिसत नाही. आणि गाडी विकताना चाकांपेक्षा स्क्रीनकडे बघा. दाजींची जुनी गाडी गेली तेव्हा ब्लूटूथनं उचललेले त्यांचे सगळे कॉन्टॅक्ट आत तसेच होते. नवीन मालकानंच फोन करून सांगितलं, "तुमच्या सासूबाईंचा नंबर अजून आहे इथं."