समितीच्या बैठकीत वस्तीचे म्हणणे कसे मांडावे

महापालिकेत विषय मुख्य सभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे, येईपर्यंत बरेचसे ठरून गेलेले असते. खरी घासाघीस त्याआधी, मोजक्या नगरसेवकांच्या समितीत होते. म्हणून विषयपत्रिका निघताच वाचा. नुसता मथळा नको, जोडलेली टिप्पणी आणि नकाशाही पाहा. खर्च आणि हद्द तिथेच कळते.

निवेदन एका पानाचे ठेवा. वर विषय क्रमांक, खाली नेमकी मागणी. ‘वाहतूक सुधारा’ हे फाइलीत पडून राहते. ‘शाळेच्या फाटकासमोर गतिरोधक करा’ याला हो किंवा नाही म्हणावे लागते. प्रत बैठकीआधी द्या, पोच घ्या. नागरिकांना बोलू देतात का, नाव आधी नोंदवावे लागते का, हे समितीच्या सचिवांना विचारा.

विषय तहकूब झाला तर पुढची तारीख लगेच लिहून घ्या. दुसऱ्या बैठकीला कोणीच न गेल्याने चांगल्या मागण्या मागे पडतात.