वेबच्या डेटातली पहिली दीर्घिका कशी अभ्यासावी

दुर्बिणीवर वेळ मिळाल्याशिवाय संशोधन सुरू होत नाही, या समजुतीनं कितीतरी विद्यार्थी वर्ष-दोन वर्षं नुसती वाट बघण्यात घालवतात. तुम्ही तसं करू नका. जेम्स वेब दुर्बिणीचा डेटा साधारणपणे फार तर बारा महिने प्रस्ताव देणाऱ्या गटाकडे राखीव राहतो, मग तो सगळ्यांना खुला होतो. मोठ्या सर्वेक्षणांपैकी कित्येकांचा तर पहिल्या दिवसापासूनच खुला असतो. बाल्टिमोरचं ‘मास्ट’ आणि कोपनहेगनचं ‘डॉन जेडब्ल्यूएसटी अर्काइव्ह’ या दोन ऑनलाइन डेटासंग्रहांतून मी माझं अर्धं पीएच.डी.चं काम केलं. त्यातलं बरंचसं जयसिंगपूरच्या घरी, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.

ही पद्धत रुजली त्याच्या मागे १९९५ सालचा एक धाडसी निर्णय आहे. हबल दुर्बिणीच्या संस्थेचे तेव्हाचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी स्वतःच्या वाट्याचा वेळ सप्तर्षीतल्या एका जवळपास रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्यावर दहा दिवस खर्च केला. त्या इवल्याशा तुकड्यात तीन हजारांच्या आसपास दीर्घिका निघाल्या, आणि तो डेटा लगेच सगळ्यांच्या हाती दिला गेला. आज आपण जो डेटा घरबसल्या उतरवून घेतो, त्याची वाट तिथून आली आहे.

तुम्ही एम.एस्सी.ला असाल, पायथन थोडंफार येत असेल, तर आज रात्रीच सुरुवात होऊ शकते. (पीएच.डी.साठी आयुका आणि एनसीआरए या पुण्यातल्या संशोधन संस्थांच्या प्रवेशाची तयारी करायचीच, पण ती या कामाच्या बरोबरीनं करा. ती संपायची वाट बघू नका.)

क्षेत्र एकच निवडा

गुड्स-साउथ, कॉसमॉस, एबल २७४४, आकाशातल्या या तुकड्यांपैकी कुठलाही एक. एकाच तुकड्यावर हबलचीही चित्रं हवीत आणि वेबचीही, म्हणजे निळ्यापासून अवरक्तापर्यंत सगळ्या तरंगलांबी हाताशी येतात. पूर्ण मोझेक, म्हणजे अनेक चित्रं जोडून केलेलं मोठं चित्र, कित्येक जीबीचं असतं. ते उतरवायच्या भानगडीत पडू नका. हव्या त्या दीर्घिकेभोवतीचा दहा आर्कसेकंदांचा तुकडा प्रत्येक फिल्टरमध्ये कापून घ्या, काही एमबीत काम होतं.

खुल्या डेटातून काय निघू शकतं, याचं ताजं उदाहरण पुण्यातलंच आहे. एनसीआरएच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना एबल २७४४ च्या दिशेनं टिपलेल्या वेबच्या डेटात ‘अलकनंदा’ सापडली. दोन ठळक भुजा असलेली, नीट आकाराला आलेली सर्पिल दीर्घिका, आणि तीही विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची. इतक्या लवकर अशी तबकडी आणि अशा भुजा तयार व्हायला सवड कशी मिळाली, हा खरा प्रश्न आहे, आणि तो २०२५ मध्ये पुण्यातून जगापुढे आला याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आधी डोळ्यांनी बघा

डीएस९ नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. सगळे फिल्टर ओळीनं उघडा, सर्वांत निळा आधी, सर्वांत लाल शेवटी. मग ‘ब्लिंक’ करा, म्हणजे चित्रं एकामागून एक डोळ्यांसमोर येत राहतात. कुठली दीर्घिका निळ्यात दिसत नाही आणि लालमध्ये उगवते? उगवताना तिचा आकार बदलतो का? हे अर्धा तास तरी करा. यातून जी नजर बसते, ती पुढे कुठलाही प्रोग्रॅम तुम्हाला देणार नाही.

दीर्घिका निळ्या फिल्टरमधून गायब का होते, ते नीट समजून घ्या, कारण दूरच्या दीर्घिका शोधायची सगळी मदार त्यावर आहे. दूरच्या दीर्घिकेचा अतिनील प्रकाश आपल्याकडे येता येता वाटेतला हायड्रोजन शोषून घेतो. ०.१२१६ मायक्रॉनहून आखूड तरंगलांबीचं जवळपास काहीच पोचत नाही. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे ही कड ताणली जाऊन अवरक्तात सरकते. किती सरकली, त्यावरून रेडशिफ्ट, म्हणजे प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप, कळतो, आणि रेडशिफ्टवरून आपण किती जुना प्रकाश बघतोय ते कळतं. एफ११५डब्ल्यूमध्ये (सुमारे १.१५ मायक्रॉनचा फिल्टर) काहीच नाही आणि एफ१५०डब्ल्यूपासून (१.५ मायक्रॉन) पुढे स्पष्ट दिसतंय, तर रेडशिफ्ट दहाच्या आसपास असू शकतो.

असू शकतो, एवढंच. पहिल्या वर्षी मला अशीच एक वस्तू मिळाली होती. एफ११५डब्ल्यूमध्ये कोरी, एफ१५०डब्ल्यूमध्येही कोरी, आणि एफ२७७डब्ल्यूपासून पुढे झगझगीत. तीन आठवडे मी तिच्यावरच होते, आलेख तयार होते, निबंधाचा पहिला परिच्छेदही लिहून झाला होता. सरांनी एकच विचारलं, “वेट मॅप बघितलास का?” चित्राच्या कुठल्या भागाचं किती निरीक्षण झालं, ते दाखवणारा हा नकाशा. मी तो बघितला नव्हता. वेबच्या निअरकॅम कॅमेऱ्यात आखूड तरंगलांबीसाठी आठ डिटेक्टर आहेत आणि त्यांच्या मध्ये फटी आहेत. लांब तरंगलांबीसाठी दोनच आहेत, प्रत्येक भागात एक. दुर्बीण थोडी थोडी सरकवून त्या फटी भरून काढतात, पण मोझेकच्या कडेला त्या सगळ्या भरल्या जातातच असं नाही. माझी वस्तू नेमकी फटीत पडली होती. निळ्या फिल्टरमध्ये तिचा प्रकाश नव्हता असं नाही, तिथे निरीक्षणच नव्हतं. त्या दिवशी मी वसतिगृहाच्या खोलीत जाऊन खूप रडले. पण त्यानंतर वेट मॅप उघडल्याशिवाय मी एकही वस्तू यादीत घेतलेली नाही. तुम्हीही चित्राच्या शेजारी वेट मॅप ठेवूनच बघा, पहिल्या दिवसापासून.

मग आकडे

फोटुटिल्स ही पायथन लायब्ररी वापरून प्रत्येक फिल्टरमधली तेजस्विता मोजा. सगळीकडे एकाच मापाचं वर्तुळ घ्या, आणि त्याआधी चित्रांची तीक्ष्णता एकसारखी करून घ्या, कारण लाल फिल्टरमध्ये दीर्घिका मुळातच जास्त पसरलेली दिसते. आता हे आकडे ‘ईझी’सारख्या प्रोग्रॅमला द्या. तो रेडशिफ्टचा अंदाज देईल. तो एक आकडा उचलून पुढे जाऊ नका, संभाव्यतेचा पूर्ण आलेख काढून भिंतीवर लावा. त्यात दुसरा लहानसा उंचवटा दिसला तर तिथे थांबा, कारण खरा रेडशिफ्ट तिथलाही असू शकतो.

सीअर्स-९३३१६ नावाच्या दीर्घिकेचा रेडशिफ्ट २०२२ मध्ये सुमारे १६ असावा असं मांडलं गेलं होतं. पुढच्या वर्षी वर्णपट घेतला, तर तो निघाला ४.९. धुळीनं लालसर झालेला प्रकाश आणि नेमक्या चुकीच्या फिल्टरांत पडलेल्या ठळक उत्सर्जन रेषा, या दोन्हींनी मिळून फार दूरच्या दीर्घिकेचा आभास निर्माण केला होता. ज्यांनी ती मांडली ते कसलेले लोक होते, आणि धोका कुठे आहे हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून तुमच्या टिपणात दोन्ही शक्यता लिहा, मोठी आणि छोटी, आकड्यांसकट.

वस्तुमान आणि ताऱ्यांच्या जन्माचा वेग काढायला बॅगपाइप्स आहे, आकार मोजायला गॅलफिट. हे दोन्ही शिकायला महिनाभर लागतो, त्यांची माहितीपुस्तकं चांगली आहेत.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की ठेवा. एका दीर्घिकेची उत्क्रांती आपण कधीच घडताना बघत नाही. जत्रेत तासभर उभं राहिलं, की खांद्यावरच्या पोरापासून काठी टेकत चालणाऱ्या आजीपर्यंत सगळे दिसतात, आणि माणूस कसा वाढतो ते कळतं. पण तिथलं पोर त्या आजीचंच लहानपण आहे असं नसतं. रेडशिफ्ट पाचची दीर्घिका रेडशिफ्ट दोनच्या दीर्घिकेची पूर्वज आहे असं लिहिण्याआधी दोघींची वस्तुमानं आणि संख्या जुळतात का ते तपासा.

स्वतःचा वेळ मागताना

पुढे कधीतरी वर्णपट लागेलच, आणि त्यासाठी प्रस्ताव लिहावा लागेल. स्पर्धा फार मोठी आहे. वेबच्या प्रस्तावांच्या चौथ्या फेरीत उपलब्ध वेळेच्या सुमारे नऊपट मागणी आली होती. माझे दोन प्रस्ताव नाकारले गेले, कारण त्यांत मी दीर्घिकांच्या उत्क्रांतीतलं सगळंच सोडवायला निघाले होते. तिसऱ्यात एकच प्रश्न होता, सहा दीर्घिका होत्या, आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी त्यातून काय कळेल हे पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

परीक्षकांना तुमचं नाव दिसत नाही. “आम्ही पूर्वी दाखवलं” असंही लिहायचं नसतं. हबलनं २०१८ मध्ये ही पद्धत आणली, तेव्हा महिलांच्या प्रस्तावांना मिळालेलं यश पुरुषांपेक्षा किंचित जास्त निघालं. तशी नोंद तिथे पहिल्यांदाच झाली. छोट्या गावातून, अनोळखी कॉलेजातून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, आणि मागायला संकोचू नये.

अंतिम मुदत बाल्टिमोरच्या रात्री आठची असते. ऑक्टोबरात ती आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला येते. आदल्या संध्याकाळीच प्रस्ताव पाठवून द्या, दुरुस्त्या करून पुन्हा पाठवता येतो.

आणि वर्णपट हाती आला, की आधी ऑक्सिजनच्या रेषांची जोडी शोधा, ०.४९६० आणि ०.५००८ मायक्रॉनची. दुसरी रेषा पहिलीच्या तिप्पट ठळक असते. हे प्रमाण अणूच्या रचनेतूनच ठरतं, दीर्घिका कुठलीही असो. डावीकडे जरा अंतरावर हायड्रोजनची रेषा असते, ०.४८६३ ला. (पुस्तकातल्या हवेतल्या तरंगलांबी घेऊ नका, वेबसाठी निर्वातातल्या लागतात.) पट्टी घेऊन तिन्ही रेषा स्वतः मोजा, संगणकानं आधीच मोजल्या असल्या तरी. माझ्या वहीत त्या पानावर ३.०१५, ३.०७५ आणि ३.१०५ असे तीन आकडे आहेत, आणि त्यांच्याखाली दोनदा अधोरेखित केलेला रेडशिफ्ट, ५.२०.