झाडीपट्टीच्या नाटकात गोंधळ घालणारे प्रेक्षक: मंडळांनो, या चुका टाळा

भाऊबीज झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात नाटकांचा हंगाम सुरू होतो. धान घरात येऊ लागलेलं असतं, वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा भराभर लागतात, दिवसा मंडईची जत्रा नाहीतर शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. इतका वेळ, इतकी थंडी आणि दहा गावांची माणसं एका मांडवात म्हटल्यावर कुणीतरी गोंधळ घालणारच. माझी तक्रार गोंधळ घालणाऱ्यांपेक्षा तो थांबवायला धावणाऱ्यांबद्दल जास्त आहे. दर हंगामात गावात नाटक ठेवणारी नवी मंडळं त्याच चुका करतात आणि चार पोरांचं भांडण सगळ्या मांडवाचं करून ठेवतात.

माईकवरून दम देणं

यापेक्षा मोठी चूक नाही. डाव्या कोपऱ्यात चार पोट्टे शिट्ट्या मारत असतात. मागच्या खुर्च्यांवर बसलेल्याला त्या ऐकूही येत नाहीत, तो नाटकात रमलेला असतो. तेवढ्यात मंडळाचा कुणीतरी तावातावाने रंगमंचावर चढतो, नटाला थांबवतो आणि माईक हातात घेतो. आता ही गोष्ट सगळ्यांना कळली. ज्या पोराला खांद्यावर हात ठेवून खाली बसवता आलं असतं, त्याला आता सगळ्यांसमोर मान खाली घालायची आहे. आपल्याकडे नाटकाला लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, सोयरिकीच्या गोष्टीही नाटकाच्याच निमित्ताने निघतात. अशा लोकांसमोर तो पोरगा माघार घेत नाही.

वैनगंगेच्या काठावरच्या एका गावात हे मी समोर बसून पाहिलं. दुसरा अंक रंगात होता. बाप मुलीच्या लग्नासाठी शेत गहाण टाकायला निघतो असा प्रसंग होता. बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले होते. तेवढ्यात दोघं पोरं आधीच्या नाचासाठी ‘वन्स मोअर’ ओरडायला लागली. मंडळाचा सचिव उठला, विंगेतून आत शिरला आणि माईकवर म्हणाला, “अमक्या गावच्या पोट्ट्यांनो, नाटक पाहाची अक्कल नसन त घरी जा!” त्याने गावाचं नाव घेतलं. त्याच गावची बैलजोडी दुपारच्या पटात वादाच्या निकालाने हरली होती, आणि हे सचिवालाही ठाऊक होतं.

मग एका कोपऱ्यातून ते आख्खं गाव उभं राहिलं. त्यात असेही म्हातारे होते, जे घटकाभरापूर्वी स्वतःच त्या पोरांवर चिडले होते. “आमच्या गावाचं नाव काऊन घेतलं?” एवढा एकच प्रश्न ते विचारत होते, आणि त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं. पहिली खुर्ची कुणी फेकली ते कळलं नाही. ऑर्गनवाल्याने आधी ऑर्गन उचलून रंगमंचाखाली ढकलला, तबलजी तबले पोटाशी धरून बसला. बाया घोंगडीत झोपलेली लेकरं ओढून काढत होत्या. कंपनीचा मॅनेजर विचारत होता, पडदा पाडू का नको? नाटक परत सुरू व्हायला तासाच्या वर गेला. तिसऱ्या अंकातली गाणी गाळावी लागली आणि पहाटेची घाई झाल्याने शेवटही उरकला गेला. ओरडणारी ती दोन पोरं गर्दीत केव्हाच निघून गेली होती. नुकसान झालं ते पैसे मोजून, लेकरं-बाळं घेऊन, ट्रॅक्टरमध्ये थंडीत कुडकुडत आलेल्या माणसांचं.

माझी रीत सांगतो. तिकिटं सुरू होतात तेव्हा मी दारापाशीच उभा असतो. कोणत्या गावची गाडी आली, सोबत मोठं माणूस कोण आहे, ते कुठे बसलं, एवढं लक्षात ठेवतो. रामराम घालतो, पाणी विचारतो. रात्री त्या बाजूने आवाज आला की पोरांकडे जात नाही, त्या माणसाशेजारी जाऊन बसतो. “मामाजी, तुमच्याकडचे पोरं हायत, जरा सांगा ना जी.” मामाजी उठतात, जाऊन दोन शब्द बोलतात. पोरगा आमचं ऐकणार नाही, पण घरच्या माणसाचं ऐकतो, कारण उद्या सकाळी त्याच माणसाच्या डोळ्यांसमोर त्याला वावरायचं असतं. याला पाच मिनिटं लागतात. नव्या कार्यकर्त्यांना ती पाच मिनिटं सोसत नाहीत. त्यांना आवाज ताबडतोब बंद हवा असतो, म्हणून ते पोराच्या कॉलरला हात घालतात.

अलीकडे काही मंडळं नागपूरहून काळ्या टी-शर्टातले बाउन्सर आणतात. मला हे अजिबात पटत नाही. त्यांना ना गाव माहीत, ना नातं. ते फक्त ढकलू शकतात. त्यांच्यावर खर्च होणाऱ्या पैशात दोन जादा दिवे आणि बाजूने चालायला वाट ठेवण्यापुरती दोरी-बांबू येतात, आणि त्यांचा उपयोग जास्त आहे.

दारू प्यालेला माणूस

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तरी मोहाची दारू पिऊन मांडवात आलेला एखादा भेटतोच. इथे चूक होते ती त्याला चौघांनी उचलून गर्दीच्या मधून बाहेर नेण्याची. वाटेत तो पाय झाडतो, कुणाच्या अंगावर पडतो, कुणाचं लेकरू रडायला लागतं, आणि बघ्यांना वाटतं गरिबाला मारून रायले. दुसरी चूक त्याच्याशी वाद घालण्याची. प्यालेल्या माणसाला कुठलाही मुद्दा पटत नसतो.

त्याच्या ओळखीचा एक जण शोधा. “काकाजी, चला जी, चहा घेऊ,” म्हणत बाजूच्या वाटेने त्याला शेकोटीपाशी आणा आणि तिथे खरोखर चहा द्या. आणि मग त्याला एकट्याला रस्त्यावर सोडू नका. पौष-माघाची थंडी, अंधार, बाजूला धानाच्या बांध्या आणि पाण्याच्या बोड्या. गाडीची चावी काढून घ्या, घरी निरोप धाडा, कुणी न्यायला येईपर्यंत शेकोटीपाशीच बसवून ठेवा. मांडवाबाहेर काढलं म्हणजे आपलं काम संपलं, असं समजणारी मंडळं मला बघवत नाहीत.

छेडछाड मिटवून टाकणं

वर जे समजुतीचं सांगितलं, ते इथे लागू नाही. बाईमाणसाला धक्का मारला, फोटो काढला, घाणेरडं बोलला, तर मामाजी नाही आणि चहाही नाही. ११२ ला फोन करा, बंदोबस्ताचे पोलीस असतील तर त्यांच्या हवाली करा. बाईच्या लज्जेला धक्का पोचेल असे शब्द आणि हावभाव हा गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेत त्याला कलम ७९ आहे. सगळ्यात वाईट म्हणजे त्या पोरीलाच “तू जागा बदल” म्हणणं. जागा त्याने सोडायची. बायकांच्या बाजूला बचत गटातल्या दोन-तीन धीट बाया स्वयंसेवक म्हणून बसवा आणि लघवीला जायच्या वाटेवर दिवा ठेवा. ही वाट अंधारात ठेवणारं मंडळ बाकी कितीही चांगलं असलं, तरी मी माझ्या घरच्या बायांना त्या नाटकाला पाठवत नाही.

नाचणाऱ्या कलाकारांनाही हेच लागू आहे. बक्षीस द्यायच्या नावाखाली रंगमंचावर चढू देणं बंद करा. नोट आणि चिठ्ठी स्वयंसेवकाच्या हातात, नाव अंक संपल्यावर पुकारायचं. त्या बाया रात्रभर काम करून दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी उभ्या राहतात. त्यांच्या अंगाला हात लावायचा हक्क पाचशेच्या नोटेने मिळत नाही.

गोंधळ आपणच पेरतो तो

शिट्ट्या कशाने सुरू होतात हे एकदा लक्ष देऊन पाहा. बहुतेक वेळा उशिराने. पत्रिकेत नऊची वेळ, साडेनऊला उद्घाटक येणार, दहाला त्यांची गाडी दिसते. मग दीपप्रज्वलन, मग सत्कार. उद्घाटकांचा, सहउद्घाटकांचा, अध्यक्षांचा, प्रमुख पाहुण्यांचा, विशेष पाहुण्यांचा. प्रत्येकाला शाल, प्रत्येकाचे दोन शब्द, आणि ते दोन शब्द कधीच दोन नसतात. निवडणुका जवळ असल्या तर विचारूच नका. अकरा वाजून जातात. पुढच्या ताडपत्रीवर म्हातारी माणसं मांडी मोडून मोडून थकलेली असतात. पहिली शिट्टी इथे वाजते, आणि तिला टाळ्या पडतात. एकदा शिट्टीला टाळी मिळाली की ती पोरं पहाटेपर्यंत थांबत नाहीत. नाटक चांगलं असूनही मग नटांना पहिल्या प्रवेशापासून मांडव आवरत काम करावं लागतं.

वर्गणी देणाऱ्या पाहुण्यांना नाही म्हणता येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण सत्काराची वेळ आपल्या हातात असते. शाली आणि भाषणं लोक यायच्या आधी, साडेआठला उरकून घ्या. उशिरा आलेल्या पाहुण्याला पहिल्या अंकानंतर पडद्यापुढे हात जोडायला लावा, माईक देऊ नका. आपला प्रेक्षक कच्चा नाही. याच मातीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती अशाच मांडवांत उभं आयुष्य घालवल्याबद्दल. पडदा वेळेवर उघडला, पहिला प्रवेश जमला, तर हेच लोक श्वास रोखून बसतात.

बाकी किरकोळ. जनरेटरवाल्याला नाटक चालू असताना जेवायला सोडू नका, अंधार झाला की पहिली आरोळी उठतेच. लहान लेकरं रंगमंचाच्या कडेला चिकटून बसतात, त्यांना ओरडू नका, वादकांच्या मागे एक पट्टी दोरीने अडवून ठेवा. मोबाइल उभा धरून नाच काढणाऱ्याच्या हातातून तो हिसकू नका, मागच्या माणसाला सांगा, तोच खाली करायला लावतो. काठी घेतलेला स्वयंसेवक मांडवात नको.

आणि भांडण झालंच, तर दुसऱ्या दिवशी त्या गावावर बहिष्काराचा ठराव करू नका. माणसांनी तिकडची सोयरीकसुद्धा तोडल्याचं मी पाहिलं आहे, कारण काय तर एक खुर्ची. दोन दिवस जाऊ द्या, रागही उतरतो आणि त्या रात्री काय झालं ते नीट आठवतं. मग मंडळातले दोन शांत माणसं त्या गावी जा, म्हाताऱ्यांशी बोला, खुर्च्यांचे पैसे मागायचे तर तिथेच, सगळ्यांसमोर मागा. ज्या पोराने सुरुवात केली त्याला पुढच्या नाटकाला स्वयंसेवकाचा बिल्ला द्या. सायकल स्टँड देऊ नका, तिथे तो मोकाट राहतो. मांडवाच्या आत, वादकांजवळची दोरी द्या, आणि जोडीला त्याच्याच गावचा एक मोठा माणूस बसवा.