मधमाशी चावली, अंगावर पित्त उठलं, दम लागला? या चुका टाळा

अजिंक्यताऱ्यावर नाहीतर सज्जनगडाच्या वाटेवर कुणाला मधमाशी चावली की सगळे सुजलेल्या जागेलाच चिकटतात, कुणी चुना लावतंय, कुणी हळद, कुणी कांदा चोळतंय. नांगी राहिली असेल तर नखानं लगेच खरवडून काढा, तेवढं बास, आणि मग माणसाकडं बघा. आवाज घोगरा झाला, ओठ-जीभ सुजली, दम लागला, घसा आवळल्यासारखा झाला, उलटी किंवा चक्कर आली, तर साधी ॲलर्जी समजू नका. हे ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे जीवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, असू शकतं, आणि ते खाण्यातनं, गोळीतनं, इंजेक्शननंसुद्धा होतं.

सगळ्यात घातक सवय म्हणजे "पित्त उठलंय" म्हणून आमसुलाचं पाणी चोळत बसायचं. नुसत्या गांध्या उठल्यात आणि बाकी माणूस ठणठणीत आहे तर ठीक, पण सोबत दम लागला की एक मिनिट घालवू नका. आणि काहींच्या अंगावर काहीच उठत नाही, थेट बीपी पडतं, हेही ध्यानात ठेवा.

सेट्रिझिन, एविल असल्या ॲलर्जीच्या गोळ्या देऊन वाट बघू नका. त्यानं खाज थांबते, श्वास मोकळा होत नाही. खरं औषध ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, मोठ्या माणसाला ०.५ मिलीग्रॅम, फरक नाही पडला तर ५ मिनिटांनी डॉक्टर परत देतात. म्हणून १०८ लावा, आणि जवळच्या दवाखान्यात आधी फोन करून इंजेक्शन आहे का विचारा, नुसतं पळत सुटू नका.

आपल्याकडं हमखास होतं ते म्हणजे पेशंटला मोटरसायकलवर दोघांच्या मधी बसवून न्यायचं. कृपा करून असं करू नका! बीपी पडलेलं असताना उभं केलं, बसवलं की रक्त पायात उतरतं, हृदयाला पुरत नाही, आणि तिथंच जीव जाऊ शकतो. आडवं झोपवा, पाय वर ठेवा. दम लागत असेल तर पाय पसरून बसू द्या, उलटी होत असेल किंवा शुद्ध गेली तर कुशीवर. गाडी कुणाचीही मागा, पण चारचाकी.

इंजेक्शननं बरं वाटलं की लगेच घरी निघू नका, काही तासांनी त्रास परत उचल खाऊ शकतो, डॉक्टर थांबा म्हणतील तेवढं थांबा.

आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पोराला पंगतीत "थोडं खाऊन बघ, काय होत नाही" असा आग्रह नको. आमटीत, कोशिंबिरीत, सगळीकडं कूट असतो, वाढणाऱ्याला आधी विचारा.