घरगुती स्क्रू प्रेस: ठोका बसत नव्हता, बोल्ट ताणले जात होते

लोहारकामासाठी बनवलेल्या स्क्रू प्रेसचा (टोकांना वजनं असलेला आडवा दांडा फिरवून स्क्रूने ठोका मारणारं यंत्र) ठोका बसत नव्हता. दांडा फिरवला की स्क्रू खाली जाऊन तिथेच आवळून बसायचा. दोष आट्यांत होता. सरासरी व्यास 50 मिमी, आटे एकेरी (एकच सलग आटा), पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) 12 मिमी. म्हणजे आट्यांचा चढ जेमतेम साडेचार अंशांचा. एवढ्या चढावर घर्षणच जिंकतं. असे आटे व्हाइसला (वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंज्याला) उत्तम, प्रेसला नाहीत. लेथवर थ्री-स्टार्ट (तीन आटे शेजारी-शेजारी गुंडाळलेले) चौकोनी आटे पाडून घेतले, नटही त्याच मापाचा नवा. पिच तोच, पण एका फेरीत 36 मिमी चाल, चढ सुमारे 13 अंश. आता ठोक्यानंतर स्क्रू उसळून मोकळा होतो.

दुसरी चूक जास्त धोक्याची. गनमेटलच्या (तांब्याच्या मिश्रधातूच्या) नटाची कॉलर (बाहेर आलेली रुंद कड) वरच्या प्लेटवर ठेवून बोल्टांनी आवळली होती. ठोक्याचा उलट धक्का नटाला वर ढकलतो, म्हणून सगळा ताण बोल्टांवर यायचा. कॉलर प्लेटच्या खालून बसवली. आता धक्का थेट प्लेट घेते आणि बोल्टांचं काम नटाला फिरू न देण्यापुरतं उरतं.

आडव्या दांड्याच्या दोन्ही टोकांची वजनं समान ठेवा, आणि त्यांच्या फेऱ्यात कुणाचंही डोकं येऊ देऊ नका.