रात्रपाळीतली सळई ते रविवारची बॅच

बागेत आमचा चालत ध्यान करायचा वर्ग चाललेला बघून कुणी ना कुणी थांबतं आणि विचारतं, "काका, हे सावकाश चालायला शिकवायचं काम मिळतं कुठे?" विचारणारे बहुतेक दिवसभर रस्त्यावर असणारेच. कुरिअरवाला, वॉचमन, मीटर रीडिंग घेणारा, एखादा पोस्टमन. त्यांच्यासाठीच हे लिहितोय. आणि आधीच सांगतो, हातातली नोकरी सोडू नका. मीही निवृत्त होईपर्यंत सोडली नव्हती.

मी पाण्याच्या लाइनीतली गळती शोधायच्या कामावर होतो. तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी एवढ्या लांबून मुंबईत येतं आणि ऐन आपल्या गल्लीत जमिनीत मुरतं. ते शोधायचं रात्री, कारण दिवसा गाड्यांपुढे काही ऐकू येत नाही. त्यातही त्या भागाची पाण्याची वेळ असेल तेव्हाच. लाइनीत दाब नसेल तर गळती मुकी. हातात लोखंडी सळई. तिचं टोक व्हॉल्व्हवर किंवा रस्त्यावर टेकवायचं, वरची वाटी कानाला लावायची आणि अंगाची हालचाल थांबवायची. टॅक्सी गेली की घरघर येते आणि जाते. गटाराची खळखळ कमीजास्त होते. गळतीचं सूं मात्र एकसारखं चालू राहतं. मग दोन पावलं पुढे, परत सळई, परत कान. आवाज सगळ्यात मोठा तिथेच भोक असेल असंही नाही. लोखंडी पाइप आवाज लांबवर नेतो. त्यामुळे 'सापडलं!' म्हणून खणायची घाई करायची नाही, हे अंगात भिनतं.

पाऊल टाका, थांबा, जे आहे ते ऐका, लगेच निकाल देऊ नका. वर्गात मी आज हेच सांगतो. बाहेरची कामं करणाऱ्यांकडे ही भांडवलाची पिशवी आधीच असते, फक्त तिला कुणी शिक्षण म्हणत नाही.

पण आपल्याला येणं वेगळं आणि दुसऱ्याला शिकवणं वेगळं. खात्यातल्या एका सहकाऱ्याच्या नादाने मी इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर केलं. मुंबईकरांना गोराईचं केंद्रही जवळ पडतं. फी नाही, बोलणं नाही, मोबाइल जमा. तिथे साधना बसूनच असते, चालणं मधल्या सुट्टीत पाय मोकळे करण्यापुरतं. चालण्याचं ध्यान रीतसर शिकवतात ते ब्रह्मदेशातले बौद्ध भिक्षू महासी सयाडॉ यांच्या परंपरेत: पाऊल उचललं, पुढे नेलं, ठेवलं, मनात तेवढीच नोंद. तिथे बसणं आणि चालणं आलटून-पालटून चालतं. पाली भाषेत याला चंकम म्हणतात. दोन्हीकडे जाऊन या, पण शिबिर करून आलात म्हणजे शिकवायचा परवाना मिळाला असं समजू नका. आणि जे फुकट मिळालं ते जसंच्या तसं पैसे घेऊन विकू नका.

सर्टिफिकेटचं विचाराल तर मुंबईत दोन दिवसांत 'माइंडफुलनेस कोच', म्हणजे सजगतेचा शिक्षक, करून देणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते ते पैसे एका बऱ्या बुटांच्या जोडीवर घाला. आठ आठवड्यांचा एमबीएसआर, म्हणजे सजगतेतून ताण कमी करायचा, हा गंभीर अभ्यासक्रम आहे. जॉन कबाट-झिन यांनी तो १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केला. त्याचं शिक्षक-प्रशिक्षण मात्र लांबलचक आणि महाग. आपल्यासारख्यांना त्यापेक्षा योगशिक्षकाचा कोर्स बरा. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ पासूनची, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासूनचं. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षाही देता येते. सोसायटीचा सेक्रेटरी कागद मागतो, तेव्हा तो दाखवता येतो.

आता प्रत्यक्ष शिकवण्याचं. सावकाश चालणं सोपं वाटतं, पण म्हाताऱ्या माणसाला ते भरभर चालण्यापेक्षा अवघड जातं. पाऊल जितकं हळू, तितका वेळ सगळा तोल एका पायावर. म्हणून पहिल्या दिवशी मी नेहमीच्या चालीनेच चालायला लावतो आणि ज्यांना गरगरतं त्यांना भिंतीच्या कडेने. डोळे उघडे, नजर पाच-सहा फूट पुढे. आपल्या फुटपाथवर पेव्हर ब्लॉक कुठे वर आलेला असेल सांगता येत नाही. वीस-तीस फुटांचा पट्टा पुरतो, जायचं नि वळून यायचं. मधुमेह असेल आणि तळपाय बधिर असतील तर अनवाणी अजिबात नाही. वारी केलेली मंडळी येतात ती पायाने पक्की, पण टाळ-अभंगाशिवाय चालायचं म्हटलं की अस्वस्थ होतात. त्यांना सुरुवातीला मनात नामस्मरण करू देतो. श्वासाकडे लक्ष दिलं की काहींना घाबरायला होतं. त्यांना श्वासाचा नाद सोडून आजूबाजूचे आवाज ऐकायला सांगा. कुणी रडायलाच लागलं तर डॉक्टरकी करू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोबाइलमध्ये ठेवा आणि तो द्या.

जागेचं म्हणाल तर शिवाजी पार्कचा कट्टा पहाटेही गजबजलेला असतो, नवख्यांना तिथे लाज वाटते. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला सावली चांगली. चौपाटीवर ओहोटीची वेळ बघून जा, ओली घट्ट वाळू मिळते. बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं. कान्हेरीच्या पायऱ्या पावसात शेवाळतात, तिकडे दिवाळीनंतरच बॅच न्या. जून ते सप्टेंबर एखाद्या सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली जागा, मागून घ्या. पालिकेच्या बागेत फी घेऊन वर्ग घ्यायचा असेल तर आधी वॉर्ड ऑफिसात विचारा, नाहीतर भर वर्गात माळीबुवा शिट्टी मारतात.

पैसा बेताचाच. ज्येष्ठ नागरिक संघ प्रेमाने बोलावतात आणि शाल-श्रीफळ देऊन पाठवतात. माझ्याकडे आता शाली पुष्कळ झाल्यात. बीकेसी, लोअर परळच्या कंपन्या एका तासाचे बरे देतात, पण पीपीटी मागतात. मी सांगतो, पीपीटी नाही, बूट काढून कॉरिडॉरमध्ये या. बिलाला पॅन जोडा, टीडीएस कापून पैसे येतात आणि तेही सावकाशच. चाळीतल्या, सोसायटीतल्या बॅचला मी महिना पाचशे घेतो आणि झाडूवाल्या, डिलिव्हरीवाल्यांकडून काही घेत नाही.

सुरुवात करायची असेल तर ओळखीचे चार-पाच जण गोळा करा, रविवारी सकाळी सहाला, पाऊण तास. आधी दहा मिनिटं बोला आणि नंतर गप्प बसा. गप्प बसणंच आम्हा बोलघेवड्यांना जड जातं. वर्ग संपला की चहाच्या टपरीवर प्रत्येकाला विचारा, आज पायाला काय कळलं? "काहीच नाही" असं म्हणणारा पुढच्या रविवारी परत आला, तर तुमची बॅच चालणार.